घरातल्या कुंड्या: आधी उजेड मोजा, मग एलईडी घ्या

जून लागला की ओळखीच्यांकडून त्याच त्याच तक्रारी येतात. मनी प्लांट पिवळा पडतोय, तुळशीच्या नुसत्या काड्या राहिल्या, कुठला ग्रो लाइट (झाडं वाढवायचा दिवा) घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे: कुंडी ठेवली आहे तिथे आत्ता किती उजेड पडतो तो आकडा सांगा. आकडा नसेल तर दिव्यावर एक रुपयाही घालवू नका. कुंडीला भोक आहे, माती निचऱ्याची आहे, एवढं धरून चालते.

खिडकीची दिशा बघा

मोबाइलमधलं होकायंत्र पुरतं. मात्र ‘दक्षिणेची खिडकी सर्वांत चांगली’ हा थंड देशांतल्या व्हिडिओंमधला सल्ला मुंबईत वर्षभर चालत नाही. आपण साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर असतो, म्हणून तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून ऊन चार-पाच फूट आत येतं. मेच्या मध्यावर तो थेट डोक्यावर येतो आणि तिथपासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारी आपल्या उत्तरेला असतो. वर छज्जा असेल तर या काळात दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन शिरतच नाही, आणि नेमके तेव्हाच पावसाळी ढगही येतात. हिवाळ्यात टवटवीत असलेली कुंडी जूनमध्ये त्याच जागी मान टाकते ती यामुळे. तिला खत घालून काही होणार नाही.

पूर्वेची खिडकी घरातल्या बहुतेक झाडांना मानवते. पश्चिमेची एप्रिल-मेमध्ये पानं भाजते, तेव्हा कुंडी काचेपासून हातभर आत घ्या.

उजेड मोजा, आणि पानाच्या उंचीवरच मोजा

या टप्प्यानं मला सगळ्यात जास्त झुंजवलं. इथं डोळ्यांवर अजिबात विश्वास ठेवू नका. डोळा उजेडाप्रमाणे स्वतःला जुळवून घेतो, त्यामुळे १५० लक्सचा (लक्स हे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं एकक) कोपरा आणि १५०० लक्सची खिडकी दोन्ही आपल्याला ‘छान उजेडाची’ वाटतात. झाडाला मात्र एका जागी दुसरीच्या दहावा हिस्सा जेवण मिळत असतं. आमच्या हॉलमध्ये पावसाळी दुपारी काचेला टेकून १५०० दाखवतं आणि सोफ्याशेजारी, सहा फूट आत, १५०. तिथे आरामात पेपर वाचता येतो. झाड मात्र तिथे हळूहळू उपाशी मरतं.

मोजायला लक्स मीटरचं कुठलंही मोफत ॲप घ्या. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेन्सर स्क्रीनच्या वरच्या कडेला, कानाला लावतो त्या स्पीकरजवळ असतो. फोन पानाच्या उंचीवर, स्क्रीन वर करून आडवा धरा. उभा धरला किंवा तुमची सावली त्यावर पडली तर आकडा खोटा. पडदे नेहमी असतात तसेच ठेवा, कबुतरांची जाळीही राहू द्या, काच धुऊन खास मोजायला बसू नका. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार, असे तीन वेळा मोजा. एकदा उघडीप असताना, एकदा मळभ असताना. दोन फोन वेगवेगळे आकडे देतील. त्याची चिंता नको, एकाच फोननं घरातल्या सगळ्या जागा मोजा आणि त्यांची आपसांत तुलना करा.

आता बहुतेक जण सोडून देतात ती पायरी: लक्सला तासांनी गुणा. उजेड किती प्रखर आहे एवढ्यावर भागत नाही, दिवसभरात एकूण किती मिळाला ते बघायचं असतं. सोफ्याजवळचे १५० लक्स बारा तास म्हणजे १,८०० लक्स-तास. खिडकीत एक तास थेट ऊन, काचेतून आणि जाळीतून गळून आलेलं, ६०,००० लक्सचं धरा. म्हणजे एका तासात ६०,००० लक्स-तास. चार फुटी २० वॅटचा साधा एलईडी बॅटन (ट्यूबलाइटसारखी लांब पट्टी) पानांपासून एक फुटावर टांगला तर साधारण २,५०० लक्स देतो, बारा तासांचे झाले ३०,०००. खिडकीतलं एक तासाचं ऊन आणि बॅटनचे दोन दिवस सारखेच. ‘ऊन की एलईडी’ हा वाद माझ्यापुरता या गणितानं मिटला.

ढगाळ दिवसाचंही हेच गणित करून बघा. पावसाळ्यात साध्या मळभातसुद्धा उघड्या आकाशाखाली १०,००० लक्सच्या आसपास उजेड असतो. खिडकीबाहेरच्या ग्रिलमध्ये ठेवलेल्या कुंडीला निम्मंच आकाश दिसतं, म्हणून ५,००० धरा. दहा तासांचे ५०,०००. म्हणजे ग्रिलमधला ढगाळ दिवससुद्धा आतल्या बॅटनच्या पुढे जातो. पावसाळ्यात कुंड्या ‘जपण्यासाठी’ घरात ओढून घेणं हा मी ऐकलेला सगळ्यात घातक सल्ला आहे. निचरा चांगला असेल तर कुंडी बाहेरच राहू द्या, फक्त वाऱ्यानं खाली जाणार नाही अशी बांधा.

झाड आणि जागा जुळवा

माझे ठोकताळे असे. झीझी, स्नेक प्लांट, अ‍ॅग्लोनिमा दिवसाला १०,००० ते १५,००० लक्स-तासांवर तग धरतात. मनी प्लांट, सिंगोनियम, पीस लिली यांना नवी पानं फुटायला २०,००० ते ३०,००० हवेत. तुळस, मोगरा, कढीपत्ता, मिरची दीड लाखाच्या खाली समाधानी नसतात. देव्हाऱ्याशेजारी दिव्याखाली तुळस वाढवायच्या भानगडीत पडू नका. दोन पानांमधलं अंतर वाढत जातं, खोड लवतं आणि महिन्या-दोन महिन्यांत ती जाते. तिची जागा ग्रिलमध्येच.

उलट सावलीतल्या झाडांना लाखभर लक्स-तासांचं थेट ऊन पचत नाही. जास्तीच्या उजेडाचा त्यांना उपयोग नसतो, पानं मात्र भाजतात.

कमी पडतं तेवढ्यापुरता दिवा घ्या

समोर पंधरा फुटांवर दुसरी इमारत, रंगीत काचा, किंवा ग्रिलला सोसायटीची मनाई, अशा घरात दिवा लागतोच. तेव्हा पांढरा एलईडी घ्या. जांभळा घेऊ नका. पांढऱ्या एलईडीमध्येही मुळात निळा एलईडीच असतो, वरच्या फॉस्फरच्या थरामुळे त्यातून बाकीचे रंग मिळतात. हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषतं हे खरं, पण पान हिरवा प्रकाशही वापरतं. जांभळ्या उजेडात पिवळं पान, मिलीबग किंवा कोळी यांसारखी कीड काहीच धड दिसत नाही, आणि लक्स मीटर मानवी डोळ्यासाठी बनवलेला असल्यानं तो जांभळा उजेड नीट मोजतही नाही. म्हणजे पैसे देऊन आंधळं व्हायचं.

खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांतल्या वॅटकडे बघू नका. प्रत्यक्ष वीज किती खातो आणि ल्युमेन, म्हणजे एकूण उजेड, किती देतो ते वाचा. २० वॅटच्या बॅटनला २,००० ल्युमेन हवेत. मुंबईत लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात ६५०० केल्विनचा (थंड पांढऱ्या उजेडाचा) साधा बॅटन आणि प्लगचा टायमर दोन्ही मिळतात, ‘खास झाडांसाठी’ असं लिहिलेलं काही लागत नाही. रोज बारा तास लावलात तर महिन्याला सात युनिट जळतात.

टांगा

पानांपासून एक फूट, जास्तीत जास्त सव्वा. बॅटनचं अंतर दुप्पट केलं की उजेड जवळजवळ निम्मा होतो, आणि बल्बचं दुप्पट केलं तर पाव. छताला लावलेली ट्यूब झाडासाठी नसल्यासारखीच. टांगून झाल्यावर फोन पुन्हा पानाजवळ धरा आणि आकडा बघा. झाड वाढलं की दिवा वर घ्यावा लागतो, म्हणून साखळीवर टांगा, भिंतीत ठोकू नका.

वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे खिडकीतून पाणी ओघळलं तरी ते झोळाशी गळून पडतं. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नका.

टायमर

सकाळी सात ते संध्याकाळी सात. झाडाला अंधारही लागतो, चोवीस तास दिवा लावून वाढ दुप्पट होत नाही. शेवंती किंवा कलांचो असेल तर याबाबत कडक राहा. रात्र लांब झाली की त्यांना कळ्या धरतात, त्यामुळे रात्री अकरापर्यंत दिवा चालू ठेवलात तर पानं येतील आणि फुलं येणार नाहीत. काट्याचा टायमर वीज गेली की तेवढा मागे पडतो, अधूनमधून घड्याळाशी जुळवा.

पाणी कमी करा

उजेड कमी तर झाड पाणी कमी ओढतं, त्यात पावसाळ्याची दमट हवा. जूनमध्ये पिवळी पडणारी पानं बऱ्याचदा कुजणाऱ्या मुळांची असतात. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर पाणी नाही. कुंडीखालच्या बशीत साचलेलं पाणी रोज ओता.

ऑक्टोबरात घाई नको

पाऊस ओसरला की ऑक्टोबरचं ऊन एकदम अंगावर येतं. चार महिने दिव्याखाली राहिलेली पानं त्याला तयार नसतात. पहिला आठवडा फक्त सकाळचं कोवळं ऊन, तासभर. दर आठवड्याला तासभर वाढवा आणि दुपारचं ऊन शेवटी द्या. पांढुरके, कागदासारखे डाग दिसले तर कुंडी लगेच मागे घ्या. भाजलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, पण पान निम्म्याहून जास्त शाबूत असेल तर ते कापू नका, नवी पानं येईपर्यंत झाड त्याच्यावरच जगतं.