परसातल्या कोंबड्या: जात कोणती घ्यावी आणि घरची पिल्लं कशी काढावीत

कडाक्याची थंडी ओसरून दिवस मोठे होऊ लागले, की अंडी आपोआप वाढतात. कोंबडीचं अंडी देणं उजेडावर चालतं. दिवसाला 14 ते 16 तास उजेड मिळाला की ती जोमात असते. याच दिवसांत कोंबडेही तरतरीत असतात, म्हणून घरची पिल्लं काढायला हा हंगाम सोयीचा. आता निघालेल्या पिल्लांतल्या तलंगा, म्हणजे तरुण माद्या, पाच-सहा महिन्यांनी अंड्यावर येतात. भर उन्हाळ्यात फळलेल्या अंड्यांचं प्रमाण घसरतं आणि पावसाळ्यात खाली अंथरलेल्या भुशाच्या ओल्या गादीवर पिल्लांना रक्ती हगवण लागते, तेव्हा चालढकल करू नये.

सगळ्यांत चांगली जात कोणती, असं बहुतेक जण विचारतात. त्याआधी कोंबडी कशासाठी हवी आणि ती कुठे राहणार, हे ठरवा. नुसती अंडी हवी असतील तर व्हाइट लेगहॉर्नला तोड नाही. खाणं बेताचं आणि चांगल्या वाणाची कोंबडी वर्षाला 250 च्या वर अंडी देते. पण ती भित्री, कुंपणावरून सहज उडणारी आणि क्वचितच खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसणारी. म्हणजे पिल्लं काढायला यंत्र किंवा दुसरी कोंबडी हवीच. असील ही जात नेमकी उलट. काटक, पिल्लांसाठी जिवावर उदार होणारी, पण अंडी मोजकीच. शिवाय वयात आलेले दोन असील कोंबडे एका खुराड्यात ठेवले तर एकाचा निकाल लागलाच म्हणून समजा.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने दोन्हींच्या मधल्या, अंडी आणि मांस दोन्हीला चालणाऱ्या जातींकडे वळावं, असं माझं मत आहे. ऱ्होड आयलंड रेड, प्लायमाउथ रॉक, ससेक्स, ऑस्ट्रेलॉर्प या त्यातल्या परिचित. ऑस्ट्रेलियात 1922-23 च्या स्पर्धेत सहा ऑस्ट्रेलॉर्प कोंबड्यांनी 365 दिवसांत सरासरी 309.5 अंडी दिली होती. जाहिरातीत हा आकडा अजून झळकतो, पण तो विक्रम आहे. परसात त्याच्या जवळपासही पोहोचलो नाही म्हणून कोंबडीला दोष देऊ नये.

हवेला जात मानवेल का, हे तिचं अंगच सांगतं. मोठा, पातळ, उभा तुरा अंगातली उष्णता बाहेर टाकतो. तो गरम हवेत उपयोगी, पण गोठवणाऱ्या थंडीत त्याचीच टोकं काळी पडतात. थंड मुलखात वायनडॉट जातीसारखा बसका तुरा बरा. ब्रह्मा, कोचीन दिसायला राजेशाही खरे, पण त्यांच्या पायांवर पिसं असतात आणि चिखलात ती कायम लडबडलेली राहतात. उकाड्यात उघड्या मानेची कोंबडी कमी पिसांमुळे तग धरते. तिच्या रूपाला नावं ठेवणारे ठेवोत.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. भरपूर अंड्यांसाठी तयार केलेली संकरित कोंबडी पाळायला उत्तम, पैदाशीला नाही. तिच्या अंड्यांतून पिल्लं निघतात, पण कुणी आजीवर जातं, कुणी आजोबावर. आईचा गुण सरसकट उतरत नाही. घरची पैदास करायची तर शुद्ध जातच घ्या, आणि तीही एकच. पहिल्याच वर्षी चार जातींचं संमेलन भरवलं की पुढे कोणाचं अंडं कोणतं, तेही कळत नाही.

भारी जातीत एका कोंबड्यामागे आठ ते दहा माद्या, हलक्या जातीत दहा ते बारा. एक कोंबडा जादा ठेवा, पण वेगळा. विकत घेतलेले पक्षी आधीच्या कळपात सोडण्यापूर्वी महिनाभर लांब ठेवा आणि त्यांचं खाणं-पाणी सगळ्यांत शेवटी करा. पांढरी हगवण हा रोग अंड्यातूनच पिल्लात उतरतो, म्हणून ज्या कळपाची त्यासाठी रक्ततपासणी झाली आहे तिथूनच पक्षी किंवा उबवणीची अंडी घ्यावीत. आधीच्या कोंबड्याचं बीज मादीच्या अंगात दोन-तीन आठवडे टिकतं. त्यामुळे कोंबडा बदलल्यावर तीन आठवड्यांच्या आतली अंडी नव्याच्या नावावर जमा धरू नका.

पैदाशीची मादी हातात घेऊन निवडावी. संध्याकाळी ती माच्यावर बसली की अलगद उचला आणि शेपटीखालच्या दोन टोकदार हाडांमध्ये बोटं ठेवून पाहा. अंड्यावर असलेल्या कोंबडीत तिथे दोन-तीन बोटं सहज मावतात, हाडं पातळ आणि लवचीक लागतात, अंडद्वार मोठं व ओलसर असतं. न देणारीत जेमतेम एक बोट जातं. पिवळ्या कातडीच्या जातींत रंगही बोलतो. अंगातला पिवळेपणा अंड्याच्या बलकात जातो, त्यामुळे आधी अंडद्वार फिकं पडतं, मग डोळ्याभोवतीची कड, मग चोच आणि शेवटी पायांच्या नळ्या. हंगामाच्या अखेरीला जिच्या नळ्या अजून पिवळ्याधमक आहेत, तिने फुकट खाल्लंय. अशा मादीची पिल्लं काढू नका, कितीही देखणी असली तरी. कोंबडा निवडतानाही तुऱ्यावर भाळू नका. सरळ पाय, सरळ बोटं, सरळ चोच आणि शक्यतो जास्त अंडी देणाऱ्या आईचा मुलगा पाहावा.

उबवणीची अंडी मध्यम आकाराची, घट्ट कवचाची, स्वच्छ घ्यावीत. तलंगेची सुरुवातीची बारकी अंडी, फार लांबट किंवा खरखरीत अंडी स्वयंपाकघरात जाऊ द्या. घाण लागलेलं अंडं धुण्यापेक्षा ते न घेतलेलं बरं. टोकाची बाजू खाली करून 15 ते 18 अंश सेल्सिअसला ठेवा आणि सात दिवसांच्या आत उबवायला घाला. त्यानंतर रोज थोडी थोडी पत घसरते. फ्रिजमध्ये ठेवलेली अंडी या कामाला नकोत. 21 अंशांच्या वर गर्भ अर्धवट वाढू लागून मरतो, म्हणून उकाड्यात दिवसातून तीन-चारदा अंडी गोळा करा.

खुडूक कोंबडी असेल तर यंत्राच्या नादी लागू नका. अंधार पडल्यावर तिला शांत कोपऱ्यात हलवा, उवांवरची पावडर आधीच मारा, खाली दहा-बारा अंडी घाला आणि दाणा-पाणी उठून घेता येईल इतकं जवळ ठेवा. यंत्रात पंखा असेल तर 37.5 अंश. आर्द्रता पहिले 18 दिवस 50 ते 55 टक्के, शेवटचे तीन दिवस 65 ते 70. अंडी दिवसातून किमान तीनदा फिरवायची, पाचदा फिरवली तर उत्तम. अठराव्या दिवसानंतर फिरवणं बंद. सातव्या रात्री अंड्यामागे टॉर्च धरलीत तर जिवंत गर्भाभोवती कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसतात. नितळ दिसेल ते अंडं काढून टाका. एकविसाव्या दिवशी कवचाला आतून टोचा पडू लागल्यावर झाकण उघडून डोकावायचा मोह आवरा, आतली ओल निघून जाते. पिल्लू पोटातल्या बलकावर दोन दिवस आरामात काढतं.

पहिला आठवडा पिल्लांना सुमारे 35 अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. दिव्याखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय, कडेला पळून चोच उघडी टाकली तर उकडतंय. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं चुनखडी घातलेलं खाद्य पिल्लांना चुकूनही देऊ नये, त्याने मूत्रपिंडं खराब होतात. मानमोडी, गम्बोरो, देवी या रोगांच्या लसींचं वेळापत्रक पशुवैद्यकाकडून पहिल्याच आठवड्यात लिहून घ्या.

दुसऱ्या वर्षापासून बहीण-भावाचा संकर टाळायचा असतो, नाहीतर उबवणीतून कमी पिल्लं निघतात आणि निघतात ती मरतुकडी. कळपाचे तीन गट पाडा. तलंगा आईच्याच गटात राहू द्या आणि दरवर्षी कोंबडे तेवढे पुढच्या गटात सरकवा. प्रत्येक गटाला वेगळ्या रंगाची पायातली रिंग घाला, नाहीतर सहा महिन्यांत सगळं डोक्यातून जातं.

निघालेल्या पिल्लांत निम्मे नर असणार, आणि त्यांचं काय करायचं हे अंडी उबवायला घालण्यापूर्वीच ठरवलेलं असावं. पैदाशीला नव्हे, नुसत्या अंड्यांसाठी पिल्लं हवी असतील तर एक सोपी युक्ती आहे. ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि पट्टेदार प्लायमाउथ रॉक माद्या एकत्र ठेवल्या, की पिल्लं काळी निघतात आणि नरांच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, माद्यांच्या नसतो. जोडी उलटी लावलीत तर हा ठिपका सगळ्याच पिल्लांवर येतो. ओळख पिल्लं सुकल्याबरोबर करून घ्यावी. पिसं फुटू लागली की ठिपका कळेनासा होतो.