पावसाळ्यात सिगार सांभाळायचे स्वस्तात

म्हापशात जून लागला की पापड सादळतात, चामड्याच्या पट्ट्यांवर बुरशी चढते. तिथं सिगारची काय कथा! परदेशी लेख ओलावा वाढवायला सांगतात. आपल्याकडे पावसात काम उलटं. डब्यात ६५ ते ७० टक्के आर्द्रता हवी. गोव्यात मी ६५च धरतो.

महागडी लाकडी पेटी हवीच कशाला? रबरी कडेचा, चारी बाजूंनी खटके असलेला प्लॅस्टिकचा डबा पुरतो. फक्त मसाल्याचा जुना डबा नको, तिरफळांचा वास सिगारला कायमचा चिकटेल.

डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारा मीटर घ्या, पण आधी तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ भरा आणि थेंबथेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळता कामा नये. झाकण आणि मीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ यायला हवा. ७१ दिसला तर पुढे दर वेळी ४ मिळवायचे.

डब्यात आर्द्रता ६५ टक्क्यांवर राखणारं दुतर्फा पाकीट टाका. ते ओल शोषतं आणि सोडतंही. कडक झालं की बदला. डबा भर पावसात उघडू नका. एसी चालू असताना उघडा.

उरली तंबाखूची कीड. पंचविशीच्या वर तापमान गेलं की तिला चेव येतो, आणि आपल्याकडे ते जातंच. नवे सिगार दोन पिशव्यांत घट्ट बांधून तीन-चार दिवस डीप फ्रीझरमध्ये, मग एक दिवस फ्रिजमध्ये, आणि मगच बाहेर. घाई केली की पान तडकतं.