मिशनरी कुटुंबाची मायदेशवापसी : तयारी कशी करावी

परदेशातील सेवाकार्य आटोपून कुटुंब मायदेशी परतते, तेव्हा ‘आता ही माणसे आपल्या घरी आली’ अशीच मंडळीची, म्हणजे त्यांच्या चर्चची, समजूत असते आणि सुरुवातीला कुटुंबालाही तसेच वाटते. त्यामुळे जाताना कित्येक महिने भाषा आणि चालीरीती शिकण्यात घालवणारी माणसे येताना मात्र केवळ सामान बांधतात. जॉन आणि जीन गुलाहॉर्न या अमेरिकी अभ्यासक दांपत्याने १९६३ मध्ये असे मांडले, की परदेशात गेल्यावर मनाला जो उत्साह, मग खचलेपण आणि नंतर सावरणे अशा चढउतारातून जावे लागते, तोच चढउतार परतल्यावर पुन्हा एकदा वाट्याला येतो. परतणे हे जाण्याइतकेच मोठे स्थलांतर आहे हे कुटुंबाने आणि त्याला पाठवणाऱ्या मंडळीने आधीच मान्य केले, तर पुढची बरीच दुखणी टळतात.

तयारीची सुरुवात निघण्याच्या निदान सहा महिने आधी सेवाक्षेत्रातच करावी. मिशनरी कुटुंबांतील मुलांसाठी दीर्घकाळ काम केलेले डेव्हिड पोलॉक यांनी निरोपाचे चार भाग सांगितले आहेत: दुरावलेल्यांशी समेट करणे, ज्यांचे ऋण आहे त्यांना ते शब्दांत सांगणे, माणसांचा आणि जागांचा रीतसर निरोप घेणे, आणि पुढे जिथे जायचे आहे तिथला विचार करू लागणे. यांतील पहिला भाग बहुधा राहून जातो. ‘आता जायचेच आहे, तर जुना वाद कशाला उकरायचा’ असे वाटते. पण सहकाऱ्याशी न मिटलेले भांडण अंतराने मिटत नाही, उलट मायदेशात ते बोलून मोकळे होण्याची सोयही उरत नाही. घरकामात मदत करणारी व्यक्ती, शेजारी, भाषा शिकवणारे गुरुजी यांचा निरोप स्थानिक मंडळीच्या समारंभात उरकू नये. त्यांच्याकडे सहकुटुंब जावे. घरात पाळलेला कुत्रा किंवा मांजर कोणाकडे राहणार, हे मुलांना विश्वासात घेऊन ठरवावे. प्रत्येक मुलाला एक पेटी द्यावी आणि तिच्यात काय जाईल हे त्याचे त्यालाच ठरवू द्यावे. मोठ्यांना कचरा वाटणारी वस्तूही त्यात असेल, तरी हरकत घेऊ नये.

कागदपत्रांच्या बाबतीत एवढे लक्षात ठेवावे, की जे कागद तिथे एका दिवसात मिळतात, ते निघाल्यानंतर मिळवायला महिने लागू शकतात. मुलांच्या शाळेचे दाखले आणि गुणपत्रिका, लसीकरणाच्या नोंदी, दवाखान्याचे कागद आणि परदेशात जन्मलेल्या मुलांच्या जन्मनोंदी यांच्या साक्षांकित प्रती हातातील सामानात ठेवाव्यात. देणगीदारांचा आधार परतल्यानंतर किती महिने चालू राहणार, हे आपल्या मिशनरी संस्थेकडून लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर घरभाड्याचे गणित मांडू नये. आरोग्य विमा, निवृत्तिवेतनातील खंड आणि कराच्या दृष्टीने आपण कोणत्या दिवसापासून रहिवासी ठरतो, याची चौकशीही निघण्यापूर्वी करावी.

परतल्यावर सर्वांची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. मलेरिया असलेल्या प्रदेशातून आलेल्या माणसाला पुढे कित्येक महिन्यांनी ताप आला, तरी आपण कुठे राहत होतो हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना सांगावे, कारण मलेरियाचे काही प्रकार यकृतात दबून राहून बऱ्याच काळाने डोके वर काढतात आणि जिथे हा रोग क्वचित दिसतो तिथे तो चटकन लक्षात येत नाही.

पहिल्या काही आठवड्यांत मंडळ्यांतून बोलण्याची आमंत्रणे येतात आणि ती नाकारणे कृतघ्नपणाचे वाटते. इथे बायबलमधील क्रम मार्गदर्शक आहे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रेषित परत येऊन आपण केलेले सर्व काही सांगतात, तेव्हा येशू त्यांना पुढचे काम देत नाही. एकांतात चला आणि थोडा विसावा घ्या, असे सांगतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या चौदाव्या अध्यायात पौल आणि बर्णबा अंत्युखियास परततात, मंडळीला जमवून सारा वृत्तांत देतात आणि मग तेथे शिष्यांबरोबर बरेच दिवस राहतात. म्हणून विसाव्याचा काळ पाळकांशी (मंडळीच्या धर्मगुरूंशी) बोलून आधीच ठरवावा आणि तो मंडळीला कळवावा, म्हणजे प्रत्येक नकाराचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. भेटणारा प्रत्येक जण ‘कसे होते तिकडे?’ असे विचारतो, पण थोड्यांनाच दीर्घ उत्तर हवे असते, आणि हे मनाला फार लागते. त्यासाठी दोन वाक्यांचे एक खरे उत्तर तयार ठेवावे. आणि ज्यांच्यापाशी अपयश, शंका व थकवा यांबद्दलही निःसंकोच बोलता येईल अशी दोन-तीन माणसे शोधून त्यांच्याकडे मुद्दाम वेळ मागावा.

सर्वाधिक काळजी मुलांची घ्यावी लागते, कारण आईवडील परत येत असतात, तर मुले घर सोडून येत असतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रूथ हिल उसीम यांनी १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास केला आणि आईवडिलांची संस्कृती व यजमान देशाची संस्कृती यांच्या मधल्या जगात वाढणाऱ्या अशा मुलांसाठी ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ हे नाव रूढ केले. अशा मुलाचा चेहरा आणि भाषा मायदेशातील मुलांसारखी असते. त्यामुळे त्याला खेळांचे नियम, बोलीतील नवे शब्द, पैसे हाताळणे किंवा रस्ता ओलांडणे हे ठाऊक असणारच, असे सारे गृहीत धरतात. शाळा सुरू होण्यापूर्वी वर्गशिक्षकांना भेटून ही पार्श्वभूमी सांगावी, आणि त्याच वर्गातील एखाद्या मुलाशी आधीच ओळख करून द्यावी. ‘तू तर आता आपल्या देशात आलास, आनंद मान’ असे मुलाला कधीही सांगू नये. त्याचे दुःख खऱ्या वियोगाचे आहे आणि ते तसेच ऐकून घ्यावे. उपासनेत त्याला परदेशी पोशाख घालून गाणे म्हणायला उभे करायचे असेल, तर आधी त्याची इच्छा विचारावी आणि त्याचा नकार मानावा. तिथली भाषा घरात रोज थोडी तरी बोलावी, कारण लहान मुले न वापरलेली भाषा फार लवकर विसरतात आणि तिच्याबरोबर जुन्या मित्रांशी बोलण्याचा मार्गही बंद होतो.

पतिपत्नींच्या सावरण्याचा वेगही सारखा नसतो. एकाला मंडळीत किंवा संस्थेच्या कार्यालयात लगेच काम मिळते, दुसऱ्याची मात्र भाषा, कौशल्य आणि मान ही सारी तिकडेच राहिलेली असतात. अशा वेळी दुसऱ्याच्या कामाचा प्रश्न ‘नंतर पाहू’ म्हणून मागे टाकू नये. लेस्ली न्यूबिगिन १९३६ मध्ये मिशनरी म्हणून भारतात आले आणि १९७४ मध्ये ब्रिटनला परतले, तेव्हा त्यांना आपला स्वतःचा देशच सुवार्तेचे कठीण क्षेत्र वाटला, आणि त्यांचे पुढचे बरेचसे लेखन त्याच जाणिवेतून झाले. मायदेशाविषयी खटकणाऱ्या गोष्टी पहिल्या वर्षी वहीत लिहून ठेवाव्यात आणि त्यांवरून मंडळीला बोल लावण्याची घाई करू नये. त्यांतील काही थकव्यातून आलेल्या असतात, काही मात्र बाहेरून आलेल्या नजरेलाच दिसतात आणि वर्षभराने शांतपणे मांडल्या तर मंडळीच्या उपयोगी पडतात.

झोप न लागणे, सतत चिडचिड, प्रार्थनेचाही वीट येणे किंवा मुलाने बोलणे सोडणे असे काही आठवड्यांनंतरही चालू राहिले, तर समुपदेशकाकडे जाण्यास संकोच करू नये. त्याचा खर्च संस्था उचलते का, हे आधीच्या लेखी करारातच नमूद करून घ्यावे. शक्य झाल्यास दोन-तीन वर्षांनी मुलांना जुन्या ठिकाणी एकदा नेऊन आणावे. त्या प्रवासाला सेवाकार्याच्या पाहणीचे किंवा सभांचे स्वरूप देऊ नये, आणि कोणाला भेटायचे, कुठे थांबायचे हे मुलांकडून ठरवून घ्यावे.