नवतपाच्या (मेअखेरच्या नऊ कडक दिवसांच्या) आधी: टाइप वन मधुमेह असलेल्या घराची उन्हाळी तयारी

होळी झाली की नागपुरात कूलर पुसून खिडकीला लागतो, जाळ्यांत नवा वाळा भरला जातो, तिवईवर माठ येतो. घरात कुणाला टाइप वन मधुमेह (यात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळपास बनवतच नाही, ते रोज टोचावं लागतं) असेल तर त्याचीही तयारी याच आठवड्यात उरकून घ्यावी. रक्तातली साखर खाली गेली की घाम फुटतो, हातपाय थरथरतात, डोकं गरगरतं. साखर चढून अंगात कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून तयार होणारी आम्लं) साचले की तहान, मळमळ, उलटी, पोटदुखी आणि ग्लानी येते. मे महिन्यात हे सगळं पाहून घरातलं कुणीही एकच निदान करतं: ऊन लागलं. मग पन्हं पाजलं जातं, तळपायाला कांदा चोळला जातो, अंधाऱ्या खोलीत झोपवलं जातं आणि हातचे दोन-तीन तास जातात. म्हणून त्या वेळी चालू मीटर, शाबूत स्ट्रिप, कीटोन तपासायची पट्टी आणि उन्हानं न बिघडलेलं इन्सुलिन हाताशी असलं पाहिजे. खालची यादी त्यासाठीच आहे.

आधी साठा मोजा. समजा दिवसाला दोन्ही प्रकारचं (लांब पल्ल्याचं आणि जेवणाआधीचं) मिळून ४० युनिट इन्सुलिन लागतं, म्हणजे महिन्याला १२००. व्हायल (औषधाची काचेची कुपी) वापरत असाल तर ४०च्या ताकदीच्या (मिलिलिटरला ४० युनिट) १० मिलिलिटर व्हायलमध्ये ४०० युनिट असतात, म्हणजे हिशेबानं तीन. पेनचं कार्ट्रिज १००च्या ताकदीचं, ३ मिलिलिटरचं, त्यात ३०० युनिट. पण पेनमध्ये प्रत्येक टोचणीआधी २ युनिट हवेत सोडून सुई वाहते का ते बघायचं असतं. दिवसाला चार टोचण्या धरल्या तर महिन्याला २४० युनिट तिथेच जातात आणि चारऐवजी पाच कार्ट्रिज लागतात. शिवाय उघडलेलं इन्सुलिन बहुतेक प्रकारांत २८ दिवसच चालतं. लहान मुलाला रोज ८ युनिट लागत असतील तर व्हायलमध्ये निम्म्याहून थोडं कमी औषध उरलेलं असतानाच ती टाकून द्यावी लागते. जीव तुटतो, पण टाकाच. या हिशेबावर पंधरा दिवसांचा जादा साठा ठेवा. त्याहून जास्त नको, कारण फ्रिज बंद पडला तर सगळंच एका झटक्यात जातं. स्ट्रिपा दिवसाला पाच धरल्या तर महिन्याला ५०चे तीन डबे. उन्हाळ्यासाठी चौथा घ्या.

सिरिंज घेताना टोपीचा रंग बघा: ४०च्या व्हायलला लाल टोपीची, १००ला केशरी टोपीची. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधलं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजनं १०च्या खुणेपर्यंत ओढलं, तर अंगात २५ युनिट जातात. उलटी अदलाबदल झाली तर १०च्या खुणेवर फक्त ४. या एका चुकीनं माणूस रुग्णालयात पोचतो, म्हणून घरात केशरी टोपीच्या चार सिरिंज वेगळ्या पाकिटात, वर चिठ्ठी लावून ठेवा. रात्रीचं आणि जेवणाआधीचं पेन दिसायला सारखं असेल तर एकाला रबरबँड गुंडाळा. अंधारात बोटांनाही कळतं.

आता फ्रिज. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात. उन्हाळ्यात पाणी गार होत नाही म्हणून घरचे फ्रिजचा खटका शेवटच्या आकड्यावर फिरवतात, आणि जुन्या एकदारी फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालच्या फळीवर ठेवलेली व्हायल गोठते. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर पुष्कळदा अगदी नेहमीसारखं दिसतं, पण ते निकामी झालेलं असतं. उकाड्यापेक्षा गोठणं जास्त फसवं, कारण फ्रिजवर कुणी संशय घेत नाही. मधल्या फळीवर, मागच्या भिंतीपासून दूर, झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डब्याशेजारी छोटा थर्मामीटर ठेवून चार दिवस सकाळ-दुपार आकडा बघा. दार सारखं उघडलं जातं, म्हणून दारातल्या कप्प्यावर भिस्त नको.

चालू व्हायल किंवा पेन खोलीत ठेवा असं पत्रकावर लिहिलेलं असतं, पण तिथली खोली म्हणजे २५ किंवा ३० अंशांखालची. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी कूलर नसलेली खोली ३८पर्यंत जाते. तेव्हा चालू इन्सुलिनही फ्रिजमध्ये ठेवणं कमी तोट्याचं. पेनची सुई काढूनच ठेवा, नाहीतर गार-गरम होताना हवेचे बुडबुडे आत शिरतात आणि डोस कमी पडतो. टोचण्याआधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढा. गार इन्सुलिन चरचरतं.

वीज गेली तर पहिले काही तास फ्रिजचं दार उघडू नका, एवढंच पुरतं. लांबलीच, किंवा घरी फ्रिजच नसेल, तर मातीचं मडकं कामाला येतं. एक मोठं मडकं, त्यात लहान, मधल्या फटीत ओली वाळू, आत प्लॅस्टिकच्या घट्ट डबीत इन्सुलिन, वर ओलं सुती फडकं. वाळूला सकाळ-संध्याकाळ पाणी, आणि मडकं सावलीत पण वारा लागेल अशा जागी. विदर्भाची कोरडी हवा इथे आपल्या बाजूची असते; बाहेरच्यापेक्षा चांगले आठ-दहा अंश कमी मिळू शकतात. मडक्यात फ्रिजइतका गारवा मिळत नाही, त्यामुळे त्यात फक्त चालू व्हायल ठेवा आणि साठा शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये हलवा.

घराबाहेरचा नियम एकच: इन्सुलिन अंगावर. गाडीच्या डिक्कीत, कारच्या डॅशबोर्डवर, सीटखाली कधीच नाही. उन्हात उभ्या गाडीची डिक्की बाहेरच्या ४५ अंशांपेक्षाही गरम होते. रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास गार पाण्यानं विसळून, कोरडा करून त्यात पेन ठेवलं तर दुपारची कामं निभतात. ओला करून वापरायचा जेलचा बटवाही चालतो, पण तो पाणी उडून थंड राहतो, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबायचा नाही. दुकानदारानं बर्फाचा पॅक दिला तर व्हायल आणि पॅक यांच्यामध्ये जाड फडक्याच्या दोन घड्या हव्यात. खरेदी सकाळी दहाच्या आत किंवा दिवे लागल्यावर. घरपोच मागवत असाल तर पार्सल दुपारभर उन्हात फिरत नाही ना, हे विचारून घ्या.

इन्सुलिन बिघडलं हे ओळखायची खूण डोळ्यांना नेहमी दिसत नाही. पारदर्शक इन्सुलिन गढूळ किंवा पिवळसर झालं, दुधाळ इन्सुलिन तळहातांत हलकेच वीस वेळा फिरवूनही गाठी किंवा काचेला चिकटलेले कण राहिले, तर सरळ फेका. पण साफ दिसत असूनही दोन-तीन वेळा नेहमीच्या डोसनं साखर हलली नाही आणि टोचण्याची जागा गाठाळलेली नसेल, तर डोस वाढवत बसू नका, नवीन व्हायल उघडा. आधी डोस वाढवला आणि मग ताजी व्हायल लावली तर साखर धाडकन खाली येते. उघडल्याची तारीख प्रत्येक व्हायलवर पेनानं लिहा.

मीटरही उकाड्याला कंटाळतो. बहुतेक मीटर १० ते ४० अंशांत काम करतात. त्यापुढे तापमानाची खूण दाखवून थांबतात, किंवा चुकीचा आकडा देतात. सावलीत आणून दहा मिनिटं थांबा, पण फ्रिजमध्ये घालू नका. आत बाष्प धरतं. स्ट्रिपा मूळ डबीतच, झाकण लगेच बंद, आणि डबी कूलरच्या झोतात नको, कारण त्या हवेत ओल असते. बोट साबणानं धुऊन कोरडं करूनच टोचा. आंबा चोखून झालेल्या बोटावर राहिलेला रस साखर शे-दीडशेनं जास्त दाखवू शकतो आणि त्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर पुढचा हायपो (साखर फार खाली जाणं) ठरलेला.

हायपोची पुडी तयार करताना चॉकलेट, पेढा, आइस्क्रीम यादीतून काढा. चॉकलेट उन्हात वितळतं हे आहेच, पण स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. साधी ग्लुकोज पावडर स्वयंपाकघरातल्या काट्यावर १५-१५ ग्रॅम मोजून छोट्या पुड्या बांधा. साखर ७०च्या खाली गेली की एक पुडी अर्धा पेला पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून खालीच असेल तर दुसरी. पावडर नसेल तर चहाच्या चमच्यानं सपाट चार चमचे साखर. लहान मुलाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ०.३ ग्रॅम, म्हणजे ३० किलोच्या मुलाला ९ ग्रॅम पुरतं. त्याच्या पुड्या वेगळ्या बांधा. पुढचं जेवण तासाभरात नसेल तर वर एखादी पोळी किंवा मूठभर फुटाणे. माणूस शुद्धीवर नसेल किंवा गिळत नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही. कुशीवर वळवा, घरात ग्लुकॅगॉन (साखर वर आणणारं औषध) असेल तर द्या आणि १०८ला फोन करा. ग्लुकॅगॉन दुकानात सहज मिळत नाही, म्हणून हवं असल्यास डॉक्टरांशी बोलून मार्चमध्येच मागवून ठेवा. लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवणारे पुष्कळ आहेत. त्याच खिशात दोन पुड्या सहज मावतात.

उन्हाळा कडक व्हायच्या आधी डॉक्टरांची एक भेट घ्या आणि तीन गोष्टी कागदावर लिहून आणा. पहिली, डोस. गरम त्वचेखाली रक्त जोरात वाहतं, त्यामुळे इन्सुलिन लवकर लागू पडतं. उलट पाणी कमी पडलं की साखर चढते. काहींचा डोस कमी करावा लागतो, काहींचा नाही, आणि हे तुमच्या नोंदींवरूनच ठरतं, म्हणून आठवड्याचे आकडे घेऊन जा. दुसरी, शाळा सकाळची झाल्यावर नाश्ता, डोस आणि डबा यांच्या नव्या वेळा. तिसरी, आजारपणातला जादा डोस किती आणि कधी. अंबाझरीला फिरायला किंवा पोरांना पोहायला नेताना आधी साखर बघा: १००च्या खाली असेल तर १० ते १५ ग्रॅम कर्बोदकं खाऊनच सुरुवात, २५०च्या वर असेल तर आधी कीटोन तपासणी. पोहून आलेल्या मुलाची साखर त्या रात्रीही उतरू शकते.

खाण्यात उन्हाळ्याचा घोळ मुख्यतः पिण्याचा आहे. तर्री पोहे किंवा सावजी जेवणाचा अंदाज घरोघरी बसलेला असतो. रसवंतीवरच्या पेल्याचा नसतो. एका मोठ्या पेल्यात तीसेक ग्रॅम साखर सहज असते आणि ती दहा मिनिटांत रक्तात दिसू लागते. तो हायपोवरचा उपाय म्हणून उत्तम, तहानेवर नाही. तहानेला पाणी, मीठ-जिऱ्याचं ताक, बिनसाखरेचं लिंबूपाणी. पन्ह्यातला गूळ मोजून घाला. जलसंजीवनीला (ओआरएस) उगाच घाबरू नका: प्रमाणित पुडीत एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यात तीन ग्रॅमसुद्धा नाही. मात्र खोक्यात मिळणारी तयार गोड पेयं वेगळी. मागची साखर वाचा. आमरस बंद करायची गरज नाही. आंब्याच्या १०० ग्रॅम गरात सुमारे १५ ग्रॅम कर्बोदकं असतात, त्यावर घातलेली साखर वेगळी. वाटी एकदा काट्यावर तोलून ठेवा आणि सरगुंडे किंवा पोळीबरोबर ती धरून डोस काढा.

लग्नाच्या पंगतीत मात्र जेवणाआधी अर्धा तास इन्सुलिन घेण्याचा नियम बाजूला ठेवा. ‘बसतेच आहे पंगत’ आणि पहिला घास यांत तास जातो. ताट समोर आल्यावरच टोचा, साखर थोडी चढली तरी चालेल.

आजारपणाचा डबा वेगळा हवा: लघवीतल्या कीटोनच्या पट्ट्या (बाटली उघडल्याची तारीख लिहून), जलसंजीवनीच्या चार पुड्या, थर्मामीटर, जादा स्ट्रिपा. उलट्या सुरू झाल्या आणि जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन बंद केलं, ही सर्वांत महाग पडणारी चूक. निदान लांब पल्ल्याचं इन्सुलिन चालूच ठेवायचं. शरीराला ते जेवणाशिवायही लागतं. दर दोन-तीन तासांनी साखर, दोनदा लागोपाठ २५०च्या वर आली की कीटोन. आणि उलट्या होत असतील तर साखर कितीही असो, कीटोन बघाच. पट्टी मध्यम किंवा गडद रंग दाखवत असेल, पाणीही पोटात ठरत नसेल, श्वास खोल आणि भरभर चालला असेल, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत असेल, तर नागपुरातलं मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), मेयो, एम्स किंवा जवळ असेल ते रुग्णालय. तिथे पहिल्या वाक्यात ‘टाइप वन आहे, कीटोन आलेत’ असं सांगा. ‘ऊन लागलंय’ म्हणू नका.

अंगावर चिकटवून साखर सतत दाखवणारा सेन्सर लावणाऱ्यांनी घामानं सुटणाऱ्या पट्टीसाठी वरून लावायचे जादा चिकट पॅच आणून ठेवावेत आणि सेन्सरचा आकडा पाच-दहा मिनिटं मागे असतो हे हायपोच्या वेळी विसरू नये. शंका आली की बोट टोचा. इन्सुलिन पंप असेल तर नळीतलं इन्सुलिनही तापतं, म्हणून पंपातली इन्सुलिनची टाकी नेहमीपेक्षा कमी भरून लवकर बदला आणि घरात पेन तयार ठेवा.

गच्चीवर झोपत असाल तर मीटर, दोन पुड्या, पाणी आणि टॉर्च उशाशी. मध्यरात्री थरथरत जिना उतरायची वेळ येऊ नये. डोस, डॉक्टरांचा नंबर आणि १०८ लिहिलेला कागद फ्रिजच्या दारावर लावा.

मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की मडक्याचा गारवा संपतो, तेव्हा ते धुऊन ठेवा. उन्हाळ्यात कमी केलेला डोस डॉक्टरांना विचारून परत तपासा आणि दुपारच्या उकाड्यात बाहेर राहिलेली एखादी व्हायल शिल्लक असेल तर तारखेकडे न बघता टाकून द्या.