‘गूस’ आणि ‘हंस’ची सोयरीक कशी जुळवायची?

पक्ष्याच्या नावाचं मूळ शोधायला शब्दकोशातली एक ओळ पुरत नाही; वंशावळ मांडावी लागते. इंग्रजी ‘गूस’ (बदकाच्या कुळातला मोठा पक्षी) घेऊन बसा, कारण हिची एक शाखा थेट आपल्या दारात येते.

१. आजची भावंडं कागदावर लिहा: इंग्रजी गूस, जर्मन गान्स, स्वीडिश गोस.

२. शेजारी जुनी रूपं मांडा. जुन्या इंग्रजीत गोस, जुन्या नॉर्समध्ये (स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत) गास, जुन्या उच्च जर्मनमध्ये गन्स. याहून मागचा धागा लॅटिनमध्ये मिळतो. इ.स. ७९ मध्ये वारलेला रोमन लेखक प्लिनी जर्मानियातल्या लहान पांढऱ्या हंसांना ‘गांताए’ म्हणतात असं नोंदवतो, आणि त्यांच्या पिसांचा भावही देतो: पौंडाला पाच दिनार!

३. आता खरी गंमत. जर्मनमध्ये ‘न’ आहे, इंग्रजीत नाही. गळला की घुसला? एकाच शब्दावर निकाल देऊ नका, दुसरी जोडी बघा. जर्मन ‘फ्युन्फ’, इंग्रजी ‘फाइव्ह’. आपल्या ‘पंच’मध्येही अनुनासिक आहेच. म्हणजे इंग्रजीत तो गळला, आणि जाताना आधीचा स्वर लांबवून गेला. मराठी माणसाला हे नवं नाही: ‘दंत’चा ‘दात’ आपणही असाच केला. तेव्हा मूळ जर्मानिक (इंग्रजी, जर्मन, स्वीडिश यांच्या भाषाकुळातलं) रूप ‘*गन्स’. आधीचा तारा (*) म्हणजे हा शब्द लिहिलेला सापडलेला नाही, मागे जात जात ठरवलेला आहे.

४. मग घराबाहेर पडा. संस्कृत ‘हंस’, लॅटिन ‘आन्सेर’. जर्मानिक ‘ग’च्या जागी संस्कृतात ‘ह’ नेहमी येतो का, हे तपासा: ‘गोल्ड’ आणि ‘हिरण्य’ या शब्दांचं मूळ एकच. जुळलं. अर्थाचीही अडचण नाही. चित्रातला लांब मानेचा शुभ्र पक्षी क्षणभर विसरा. हिवाळ्यात जायकवाडीला उतरणारा पट्टकदंबही (इंग्रजीत ‘बार-हेडेड गूस’) हंसच.

५. नुसत्या नादावर भाळू नका. ‘कुकू’ आणि ‘कोकीळ’ सख्खे वाटतात, पण दोघांनीही नाव आवाजावरून उचललंय. शिवाय ‘कुकू’ इंग्रजीत आला फ्रेंचमधून. जर्मानिक घराण्याचा अस्सल शब्द वेगळाच, जुन्या नॉर्समध्ये ‘गौक्र’. स्कॉटलंडमध्ये तो ‘गाउक’ म्हणून उरलाय, आणि तिथे त्याचा दुसरा अर्थ आहे ‘मूर्ख’.