शाळा-विद्यापीठांतील पदे इंग्रजीत लिहिताना

परदेशी विद्यापीठाचा अर्ज, शिफारसपत्र, अनुभवाचा दाखला किंवा साधा ईमेल इंग्रजीत लिहिताना मराठी विद्यार्थी आणि शिक्षक अनेकदा पदनामांपाशी अडखळतात, कारण आपल्याला चांगला माहीत असलेला शब्द वाचणाऱ्याच्या देशात निराळ्याच पदासाठी वापरला जात असतो. त्यामुळे कोश उघडण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात: ती व्यक्ती प्रत्यक्षात कोणते काम करते, ती कोणाच्या हाताखाली काम करते आणि आपला मजकूर कोणत्या देशातील माणूस वाचणार आहे. या तिन्हींची उत्तरे हाताशी असली की योग्य शब्द निवडणे बरेच सोपे होते.

सुरुवात ‘प्रा.’ या संक्षेपापासून करावी लागते. महाराष्ट्रात कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकापासून विद्यापीठातील विभागप्रमुखापर्यंत बहुतेकांच्या नावाआधी आपण आदराने ‘प्रा.’ लिहितो, इंग्रजीत मात्र त्या सर्वांना सरसकट ‘प्रोफेसर’ लिहू नये. सहाव्या वेतन आयोगानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये काढलेल्या विनियमांनुसार अधिव्याख्याता आणि प्रपाठक, म्हणजे ‘लेक्चरर’ आणि ‘रीडर’, ही जुनी नावे मागे पडली आणि ‘असिस्टंट प्रोफेसर’, ‘असोसिएट प्रोफेसर’ व ‘प्रोफेसर’ अशी श्रेणी आली; २०१८ च्या विनियमांत तिच्यावर ‘सीनियर प्रोफेसर’ हे पद आहे. ज्यांची नेमणूक त्याआधीची आहे त्यांनी त्या काळापुरते नेमणूकपत्रावर छापलेले पदच लिहावे, कारण पडताळणी करणारा माणूस शब्दाशी शब्द जुळवून पाहतो.

ब्रिटनमध्ये ‘लेक्चरर’, ‘सीनियर लेक्चरर’, ‘रीडर’ आणि ‘प्रोफेसर’ ही उतरंड अनेक विद्यापीठांत आजही चालते, आणि तेथे ‘प्रोफेसर’ हे संबोधन सर्वांत वरच्या श्रेणीतल्यांनाच लावतात, बाकीचे पीएच.डी. झालेले असल्यास ‘डॉक्टर’ म्हणवले जातात. केंब्रिज विद्यापीठाने २०२१ मध्ये ही जुनी नावे बदलून अमेरिकी वळणाची श्रेणी स्वीकारली, त्यामुळे ब्रिटनमधील प्रत्येक विद्यापीठाचे संकेतस्थळ स्वतंत्रपणे पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेत विद्यार्थी महाविद्यालयातील जवळजवळ कोणत्याही अध्यापकाला ‘प्रोफेसर’ म्हणून हाक मारतात, पण तेथील ‘लेक्चरर’ बहुधा मुदतीच्या करारावर, प्रामुख्याने शिकवण्यासाठी नेमलेला असतो. ब्रिटनमधील ‘लेक्चरर’ मात्र साधारणपणे आपल्या ‘असिस्टंट प्रोफेसर’च्या तोडीचा, अध्यापनाबरोबर संशोधनही करणारा असतो. एकाच शब्दाचे वजन अटलांटिक ओलांडताना इतके बदलते हे लक्षात ठेवले, तर संशोधनासाठी मार्गदर्शक शोधताना चुकीच्या माणसाला पत्र जाणार नाही.

विद्यापीठाच्या सर्वोच्च पदांबाबत अधिकच जपावे लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार राज्यपाल हे कुलपती, म्हणजे ‘चॅन्सेलर’ असतात आणि कारभार प्रत्यक्ष चालवतात ते कुलगुरू, म्हणजे ‘व्हाइस-चॅन्सेलर’. हिंदीत मात्र ‘व्हाइस-चॅन्सेलर’ला दीर्घकाळ ‘कुलपति’ आणि ‘चॅन्सेलर’ला ‘कुलाधिपति’ म्हटले गेले आहे, म्हणून हिंदी कागदपत्रावरून इंग्रजी मजकूर तयार करणाऱ्या मराठी माणसाने या एका शब्दापाशी हमखास थांबावे. ‘व्हाइस’ या शब्दामुळे हे पद उप-प्रमुखाचे आहे असा समज अमेरिकी वाचकाचा होऊ शकतो. अशा वेळी पदनाम तसेच ठेवून पुढे ‘हेड ऑफ द युनिव्हर्सिटी’ असे स्पष्टीकरण जोडावे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी प्रमुखाला ‘प्रेसिडेंट’ आणि शैक्षणिक बाजूच्या मुख्य अधिकाऱ्याला ‘प्रोव्होस्ट’ म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठात तर संपूर्ण व्यवस्थेचा प्रमुख ‘प्रेसिडेंट’ आणि बर्कलीसारख्या प्रत्येक परिसराचा प्रमुख ‘चॅन्सेलर’ असतो, आणि टेक्सास विद्यापीठ व्यवस्थेत हीच दोन नावे नेमकी उलट लावलेली आहेत.

‘रेक्टर’ हा शब्द आपल्याकडे वसतिगृहामुळे रुळलेला आहे. मुलामुलींच्या राहण्याजेवणाची, शिस्तीची आणि हजेरीची जबाबदारी घेणारी व्यक्ती म्हणजे रेक्टर, असेच महाराष्ट्रातील विद्यार्थी समजतात. युरोपातील अनेक देशांत मात्र विद्यापीठाचा प्रमुखच ‘रेक्टर’ असतो, आणि स्कॉटलंडमधील जुन्या विद्यापीठांत ‘रेक्टर’ हा निवडणुकीने येतो आणि त्या निवडणुकीत विद्यार्थ्यांचे मत असते. तेव्हा अनुभवाच्या यादीत वसतिगृहाचे काम दाखवताना ‘हॉस्टेल वॉर्डन’ असे लिहावे; समाजकल्याण विभागाच्या वसतिगृहातील गृहपालासाठीही हाच शब्द योग्य आहे. नुसते ‘वॉर्डन’ लिहू नये, कारण ऑक्सफर्डमधील काही महाविद्यालयांच्या प्रमुखांना तेच नाव आहे.

कुलसचिवांसाठी आपण ‘रजिस्ट्रार’ हा शब्द वापरतो आणि तो भारतापुरता अचूक आहे. अमेरिकेतील ‘रजिस्ट्रार’ मुख्यतः विद्यार्थ्यांची नोंदणी आणि गुणांच्या नोंदी सांभाळतो, म्हणून गुणपत्रकाची अधिकृत प्रत, म्हणजे ‘ट्रान्सक्रिप्ट’, तेथे त्याच्याकडे मागावी, तर फी भरण्याचे काम अनेकदा ‘बर्सर’च्या कार्यालयात होते. अमेरिकेत शिकायला निघालेल्या विद्यार्थ्याने आणखी एक पद पाठ करून ठेवावे: ‘डेझिग्नेटेड स्कूल ऑफिशियल’. विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा ‘आय-२०’ हा कागद या अधिकाऱ्याच्या सहीने मिळतो. येथे ‘स्कूल’ हा शब्द विद्यापीठालाही लागू आहे, त्यामुळे पत्र चुकून आपल्याकडे आले असे समजू नये.

माझ्या मते सर्वाधिक गोंधळ ‘सुपरव्हायझर’ने होतो. माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक आणि उपमुख्याध्यापकांच्या खालोखाल असणाऱ्या पर्यवेक्षकाला आपण ‘सुपरव्हायझर’ म्हणतो, परीक्षेच्या वर्गात फिरणाऱ्या शिक्षकालाही ‘सुपरव्हायझर’ म्हणतो, आणि ब्रिटनमध्ये पीएच.डी.च्या मार्गदर्शकाला हाच शब्द आहे. परीक्षेच्या कामासाठी ब्रिटिश वाचकाला ‘इन्व्हिजिलेटर’ आणि अमेरिकी वाचकाला ‘प्रॉक्टर’ लिहावे. मात्र ऑक्सफर्डमध्ये आणि भारतातील काही विद्यापीठांत ‘प्रॉक्टर’ हा शिस्तीचा अधिकारी असतो. शाळेतील पर्यवेक्षकासाठी ‘सुपरव्हायझर’ हे अधिकृत पद तसेच लिहून, आपण किती शिक्षकांचे आणि कोणत्या इयत्तांचे काम पाहत होतो हे पुढच्याच वाक्यात सांगावे. संशोधनाच्या मार्गदर्शकाला आपण ‘गाइड’ म्हणतो, पण परदेशी पत्रात ब्रिटनसाठी ‘सुपरव्हायझर’ आणि अमेरिकेसाठी ‘ॲडव्हायझर’ हेच शब्द वापरावेत.

शालेय पदांपैकी मुख्याध्यापकाला ब्रिटनमध्ये ‘हेडटीचर’ आणि अमेरिकेत ‘प्रिन्सिपल’ म्हणतात. बदली शिक्षक तिकडे अनुक्रमे ‘सप्लाय टीचर’ आणि ‘सब्स्टिट्यूट टीचर’ होतो. वर्गशिक्षकासाठी ‘क्लास टीचर’ सर्वत्र समजते, तरी ब्रिटनच्या माध्यमिक शाळेत ‘फॉर्म ट्यूटर’ आणि अमेरिकेत ‘होमरूम टीचर’ हे शब्द कानावर पडतील. महाविद्यालयाच्या कचेरीतील अधीक्षकांनी अमेरिकेत अर्ज करताना नुसते ‘सुपरिंटेंडेंट’ लिहू नये, कारण तेथे तो संपूर्ण जिल्ह्यातील सरकारी शाळांचा प्रमुख असतो. ‘ऑफिस सुपरिंटेंडेंट’ असे पूर्ण पद लिहावे. शिपाई या पदासाठी ‘प्यून’ हा शब्द भारताबाहेर खटकतो, आणि ज्यांच्या कष्टांवर शाळा वेळेवर उघडते त्यांच्यासाठी ‘ऑफिस अटेंडंट’ किंवा ‘स्कूल सपोर्ट स्टाफ’ लिहिणे अधिक सन्मानाचेही आहे. शिक्षणसेवक, केंद्रप्रमुख अशा खास आपल्या पदांना इंग्रजी जोड शोधत बसू नये. मूळ शब्द रोमन लिपीत लिहून त्यापुढे एका वाक्यात काम सांगावे.

कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकांनी विशेष काळजी घ्यावी. अमेरिकेत ‘ज्युनियर कॉलेज’ म्हणजे बारावीनंतरचे दोन वर्षांचे महाविद्यालय, त्यामुळे ‘ज्युनियर कॉलेज टीचर’ वाचून तेथील माणूस आपल्या अनुभवाचा स्तर चुकीचा धरेल. पदाच्या पुढे ‘ग्रेड्स इलेव्हन अँड ट्वेल्व्ह’ असे अवश्य लिहावे.

शब्द निश्चित झाला की वाक्यरचनेकडे वळावे. मराठीत ‘ती शिक्षिका आहे’ असे म्हणताना मध्ये काही लागत नाही, म्हणून आपल्या हातून ‘शी इज टीचर’ असे लिहिले जाते. तेथे ‘शी इज अ टीचर’ हवे. मात्र एकाच व्यक्तीकडे असणाऱ्या पदावर नेमणूक झाल्याचे सांगताना उपपद गळते: ‘शी वॉज अपॉइंटेड प्रिन्सिपल इन २०१९’. विषय जोडताना ‘प्रोफेसर ऑफ हिस्टरी’ पण ‘लेक्चरर इन हिस्टरी’ अशी रूढी आहे, आणि संस्थेआधी ‘ॲट’ लावतात.

संबोधनात आपली ‘जोशी सर’, ‘मीना मॅडम’ ही पद्धत इंग्रजीत चालत नाही. पदवी नेहमी आडनावाला जोडावी: ‘डॉक्टर’, ‘प्रोफेसर’, ‘मिस्टर’ किंवा ‘मिझ’ आणि पुढे आडनाव. पहिल्या नावाला ‘डॉक्टर’ जोडणे टाळावे, आणि समोरची व्यक्ती उत्तरात केवळ पहिले नाव लिहून सही करील तेव्हाच आपणही त्या नावाने लिहावे.

शिफारसपत्र मागताना आपल्या गुरुजनांना हे सर्व शोधायला लावू नये. त्यांचे नेमणूकपत्रावरील पद, विभाग आणि संस्था तीन ओळींत इंग्रजीत टंकित करून, तपासण्याची विनंती करून त्यांच्याकडे द्यावे. सहीखालचा हा मजकूर आणि अर्जात आपण भरलेले त्यांचे पद अक्षरशः सारखे आहे की नाही, हे पाठवण्याआधी एकदा ताडून पाहावे.