आधी जास्वंद, तांब्या नंतर

जास्वंद सकाळी उमलते आणि संध्याकाळी मिटते, पाण्यात ठेवली तरीही. म्हणून तैलरंगात चित्र करताना तांब्या, टेबल, मागचा पडदा सगळं दुसऱ्या दिवसावर ढकला. सकाळी कुंपणावरची दोन फुलं काढा, उजेड एकाच खिडकीतून घ्या आणि दुपारपर्यंत फक्त फुलंच रंगवा.

लालात पांढरा मिसळून उजेड दाखवायचा मोह होतो, आणि तिथेच पाकळी गुलाबी, खडूसारखी निर्जीव होते. उजेडाकडे कॅडमियम रेडमध्ये थोडा कॅडमियम ऑरेंज घाला, सावलीत अलिझरिन क्रिमझन या गडद लालात अगदी किंचित अल्ट्रामरीन निळा. पांढरा फक्त दुमडलेल्या कडेवर, जिथे आभाळाची निळसर चमक पडते. तोही एकाच फटकाऱ्यात. पुन्हा ब्रश फिरवला की तो लालात विरघळलाच. मधल्या दांड्यावरचे पिवळे परागठिपके शेवटी टेकवा आणि दर दोन-तीन ठिपक्यांनी ब्रश पुसा, नाहीतर ते नारिंगी होतात.

पहिला थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत न्या. उलट केलं तर पुढे भेगा पडतात.

गोव्यात चवथीच्या सुमारास जास्वंद भरपूर मिळते, पण हवा दमट असते आणि रंग सावकाश सुकतो. ओलं चित्र भिंतीला टेकवू नका, कॅनव्हासला मागून बुरशी धरते. तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.